सर्व्हेत ‘माहीत नाही’ जास्त आलं तर चूक कोणाची?

वावरातली (यवतमाळ जिल्हा)

प्रश्न जरा लांबला आहे, सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर एका सर्व्हेचं काम धरलंय. एकाच वेळी वीसच्या वर देशांत चाललेला सर्व्हे आहे. अमेरिकेबद्दल तुमचं मत काय, चीनबद्दल काय, हवामान बदलाची काळजी वाटते का, देशाची आर्थिक स्थिती कशी आहे, आज लहान असलेली पोरं मोठी होतील तेव्हा आईबापापेक्षा बरी जगतील की वाईट, असे साठ प्रश्न. तेच प्रश्न तिकडं केनियात, ब्राझीलमध्ये, जपानातही विचारतात असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं. माझ्या वाट्याला घाटंजी आणि केळापूर तालुक्यातली सहा गावं आली. पूर्ण झालेल्या मुलाखतीमागं अडीचशे रुपये. टॅब त्यांचा, पेट्रोल माझं.

घर आपल्या मर्जीनं निवडायचं नसतं. गावात शिरलं की टॅब सांगतो, अमुक ठिकाणापासून सुरू कर. बहुतेक वेळा ते मारुतीचं देऊळ नाहीतर शाळा निघते. तिथून उजव्या हातानं चालत जायचं, दर पाचवं घर धरायचं. घरात अठरा वर्षांवरची जेवढी माणसं, त्यांची नावं भरली की त्यातलं एक टॅबच काढतो, आणि तो दर वेळी नेमकं वेचणीला गेलेलं माणूस काढतो. ओसरीत रिकामा बसलेला सासरा म्हणतो, "मले इचार ना, मी सांगतो सगळ्या जगाचं." त्याला नाही म्हणताना जीव जातो. तीनदा परत जायचं, तरी माणूस भेटलं नाही तर पुढचं घर.

सध्या कापूस घरी येतोय. बाया सकाळी सातला वावरात, उजेड असेस्तोवर तिथंच. वेचणीचे पैसे किलोवर. परवा एका काकूंना बांधावर गाठलं, पाऊण तास लागला. उठताना कमरेची झोळी आवळत म्हणाल्या, "चार किलो गेला बाई तुह्या जगात." हसून म्हणाल्या, पण हिशेब बरोबर होता.

आता अडचण. काल सुपरवायझरचा फोन आला. तुझ्या फॉर्मात ‘माहीत नाही’ फार येतंय, बाकीच्या पोरींचं पाच टक्क्यांच्या आत आहे आणि तुझं पंचवीसवर गेलंय, तू नीट विचारतच नाहीस. मी नीट विचारते हो. एम.ए. मराठी आहे, उच्चार खणखणीत आहेत, तीच तर पंचाईत. टॅबवरचा प्रश्न असा: "अमेरिकेविषयी आपले मत अतिशय अनुकूल, काहीसे अनुकूल, काहीसे प्रतिकूल की अतिशय प्रतिकूल आहे?" हे मी एका आजीसमोर वाचलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोथीतलं हाये का?"

त्याच आजीची शिडी ऐका. एका कार्डावर शिडीचं चित्र असतं, तळाला शून्य, वर दहा. वरच्या टोकाला तुमच्या दृष्टीनं सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट, आज तुम्ही कोणत्या पायरीवर? आजी म्हणे, "मी कायले चढू शिडीवर, गुडघे कामातून गेले." तरी कार्ड हातातून सोडलं नाही. डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, मग पाचावर बोट टेकवलं. "बुढा होता तवा इथं," म्हणत बोट तीनवर आणलं, "पेत होता." परत पाचावर. मी पाच भरलं. त्या घरात तेवढा एकच प्रश्न जमला.

आणि ज्याच्यासाठी लिहायला बसले ते हे. साठीचे एक काका, पाच एकर कोरडवाहू, ढेपेच्या पोत्यावर बसलेले. प्रश्न वाचला: जागतिक हवामान बदल हा आपल्या देशासाठी मोठा धोका आहे, किरकोळ धोका आहे की धोका नाही? काका म्हणाले, "ते मले नाही समजत बाई. टीव्हीवाले सांगते ते का?" पुन्हा वाचला. "नाही सांगता येत." मी ‘माहीत नाही’ दाबलं. मुलाखत संपली, चहा आला, आणि काका सुरू झाले. बाप मृगात पेरायचा, आता आर्द्रा उलटून जाते तरी सरकी टाकायचा भरवसा नाही. येते तो एका रातीत वावर खरडून नेते, नाही येत तर महिना महिना तोंड दाखवत नाही. बोंडं फुटली की परतीचा हजर, वाती लोंबल्या की काळ्या पडल्या. वीस मिनिटं बोलले. टॅब बंद होता.

आता माझ्या डेटात त्या माणसाला हवामान बदलाबद्दल काही माहीत नाही.

सांगा, मी त्यांना "काका, तुम्ही हे जे सांगता त्यालाच म्हणतात" असं सांगून प्रश्न परत विचारला असता तर काय बिघडलं असतं? आणि सुपरवायझर म्हणतो तसं ‘माहीत नाही’ कमी करायचं म्हणजे नक्की काय करायचं?


जुना_सुपरवायझर (अमरावती)

ताई, अठरा वर्षं हेच काम केलं. सोडलं ते गुडघ्यांपायी, तुझ्या आजीसारखंच.

प्रश्न बदलायचा नाही. एक शब्द नाही. काकांना चहावर समजावून परत विचारलं असतंस तर त्यांनी ‘मोठा धोका’ म्हटलं असतं, आणि ते उत्तर अर्धं तुझं झालं असतं. तू पाऊस सांगून समजावशील, पांढरकवड्याची पोरगी ऊन सांगेल, बुलढाण्यातला पोरगा व्हॉट्सअॅपवर वाचलेलं सांगेल. मग वर बसलेला माणूस म्हणतो, यवतमाळात काळजी जास्त, बुलढाण्यात कमी. फरक जिल्ह्यांचा नसतो, समजावणाऱ्यांचा असतो. वीस देशांत हेच झालं तर काय उरतं?

हे मी अंगावर घेऊन शिकलो. पहिल्या-दुसऱ्या वर्षी असेन. असाच ‘अनुकूल-प्रतिकूल’वाला प्रश्न होता. लोकांना कळेना म्हणून मी माझ्या पाच पोरांना सांगितलं, "सरळ विचारा, तो देश आवडते का?" गाडी सुसाट सुटली. लोक हसत हसत उत्तरं देऊ लागले. दुसऱ्या तालुक्याची टीम छापील प्रश्नच वाचत होती. आठ दिवसांनी दोन तालुक्यांचे आकडे शेजारी ठेवले तर जणू दोन वेगळे देश. चौकशी झाली, मी कबूल केलं. चाळीस फॉर्म रद्द, त्याच गावांत आमच्या खर्चानं परत. एका गावात तर लोक म्हणाले, मागच्या खेपेस विचारलं ते काय फेकून दिलं का? काय सांगणार, फेकूनच दिलं होतं.

भाषांतर सुधारायची जागा वेगळी असते, आणि तुझ्या हातात टॅब येतो तोवर ती वेळ गेलेली असते. धड कामात दोन जण वेगवेगळं भाषांतर करतात, तिसरा दोन्ही समोर ठेवून जुळवतो, मग दहा-वीस माणसांवर वाचून बघतात, की बाबा तुला यातून काय समजलं. ही दहा-वीस माणसं पुण्या-मुंबईची निघाली की ‘काहीसे प्रतिकूल’ पास होतं आणि तुझ्या आजीला पोथी वाटते.

तुला काय करता येतं? प्रश्न परत वाच, सावकाश. पर्याय सुटे सुटे वाच. "तुम्हाला जे वाटतं ते सांगा, यात चूक-बरोबर नाही" एवढं म्हणायला परवानगी असते. त्यानंतरही नाही आलं तर ‘माहीत नाही’ दाब आणि पुढं चल. हा पर्याय आपण होऊन वाचून दाखवायचा नसतो, पण माणसानं दिला तर तो घ्यायचा असतो. ते उत्तरच आहे. फॉर्मच्या शेवटी शेऱ्याची चौकट असेल, काकांचं बोलणं तिथं लिही, त्यांच्याच शब्दांत.

बाकीच्या पोरींचं पाच टक्के कसं येतंय, हे तुझ्या सुपरवायझरनं त्यांना विचारावं. साठ प्रश्न, त्यात चीन आणि अमेरिका, आणि वेचणीच्या दिवसात शंभरातून पाचच वेळा ‘माहीत नाही’? माझ्या काळात असं आलं की मी आधी त्या पोराच्या मुलाखतींच्या वेळा बघायचो. पाऊण तासाची मुलाखत बारा मिनिटांत उरकलेली, आणि ठिकाण बघावं तर सगळ्या एस.टी. स्टँडच्या हॉटेलात. ‘माहीत नाही’ खोटं भरायची कोणाला गरज पडत नाही, हे लक्षात ठेव.

सासऱ्यांवर एक उपाय. आमच्या सुरुवातीच्या काळात टॅब नव्हता, कागदावर तक्ता असायचा, किश ग्रिड. लेस्ली किश नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९४९ साली मांडलेला. मी तो तक्ता म्हाताऱ्यांना दाखवायचो आणि म्हणायचो, बाबा, चिठ्ठी निघाली, तुमचं नाव नाही निघालं. चिठ्ठीला सगळे मानतात. टॅबचं कारण सांगू नकोस, चिठ्ठी म्हण.


बोंड (हिंगणघाटकडचा)

मले इचारलं होतं बाप्पा एकडाव, तीन-चार सालाआधी. पोट्टं आलतं टॅब घेऊन. चांगलं होतं, पाणी पेलं, खुर्चीवर नाही बसलं, खालीच बसलं. मले म्हणे अमेरिका कशी वाटते. म्या म्हणलं कोनती अमेरिका? न्यूयॉर्कले कापसाचा वायदा पडला का इथं भाव पडते ती, का शेजाऱ्याचं पोट्टं जिथून पैसे धाडते अन् त्याहीनं दोन मजले चढवले ती? पोट्टं म्हणे काका, दोन्ही मिळून सांगा. म्या सांगतलं ‘काहीसे प्रतिकूल’. कायचं काहीसे अन् कायचं प्रतिकूल, तेच मधातलं वाटलं म्हणून सांगतलं.

२०२५ चंच पाहा. ऑगस्टात तिकडून आपल्या मालावर ५० टक्के कर बसला. त्याच महिन्यात इकडं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, पयले सप्टेंबरपर्यंत, मंग वाढवत डिसेंबरपर्यंत. लांब धाग्याचा हमीभाव तवा क्विंटलले ८११० होता, अन् दारात गाडी घेऊन येनारा व्यापारी हजार-बाराशे खालीच बोले, ओलावा हाये म्हने. आता मले कोनी अमेरिका इचारली त जुलैत येगळं सांगीन, दिवाळीले येगळं, अन् माल इकला का येगळं. तुमच्या वीस देशात कापूस इकायची येळ एकच असते का?

अन् हे छापून येते कुठं? आमच्या गावात त कोनी परत आलं नाही सांगाले, का बा तुमचं उत्तर असं निघालं. चार किलो कापूस त मायाबी गेला असन.


दक्षिणवारा

परदेशी लोकांना आपल्या मनातलं फुकटात कशाला सांगायचं? गावात असे कोणी टॅब घेऊन फिरताना दिसले तर आधी ग्रामपंचायतीत नेऊन बसवा.


जुना_सुपरवायझर

आधीच ग्रामपंचायतीतच जातात ते, सरपंचाला पत्र दिल्याशिवाय पहिलं दार वाजवत नाहीत. आणि नको वाटलं तर नको म्हणा, मधूनही उठता येतं. मला एका दिवसात अकरा जणांनी नाही म्हटलंय, एकानं कुत्रं सोडलं. ते नकारसुद्धा मोजून नोंदवायचे असतात.


आकडेमोड (वर्धा)

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. बोंड भाऊंचा प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही, म्हणून लिहितोय.

तुम्ही गाडी भरून कापूस मार्केटला नेता. ग्रेडर पूर्ण गाडी उपसत नाही. चार ठिकाणांहून मूठ काढतो, बोटांत धागा ओढून बघतो, मीटर खुपसून ओलावा बघतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कटती, १२ च्या वर परत. वीस क्विंटलचा निकाल चार मुठींवर. त्याला मुठी कमी पडत नाहीत. फसवणूक होते ती तो फक्त वरून वरून मूठ घेतो तेव्हा, कारण ओला माल कोणत्या थरात असतो हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

देशाचा सर्व्हे हा असाच. हजारेक माणसं खरोखर चिठ्ठी टाकून निवडली तर टक्केवारी साधारण तीन टक्के इकडे-तिकडे होते, देश भारताएवढा असो की नेपाळएवढा. मात्र एकाच गावातून दहा माणसं घेतली तर ती दहा मुठी एकाच कोपऱ्यातल्या. एकच पाऊस, एकच मार्केट, एकच पारावरची चर्चा. त्यामुळे खरी चूक तीनपेक्षा जास्त असते.

वरून मूठ घेण्याचं जुनं उदाहरण १९३६ सालचं, अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं. लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकानं टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या यादीतून पत्ते काढून जवळजवळ एक कोटी कार्डं पाठवली. वीस लाखांवर परत आली. त्यावरून सांगितलं, लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड मतांनी. मंदीच्या दिवसात फोन आणि मोटार असलेला माणूस म्हणजे गाडीतला वरचा थर. शिवाय कार्ड परत पाठवण्याची तसदी घेणारेही वेगळेच. जॉर्ज गॅलप या सर्व्हे करणाऱ्यानं त्यामानानं मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट सांगितला होता.

आजही हा मोह सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं २०२१ मध्ये ५० देशांत हवामानाबद्दल जनमत घेतलं. मोबाइलवर गेम खेळताना मधे जाहिरात येते ना, तिथं प्रश्न टाकले. १२ लाख उत्तरं आली, ६४ टक्के म्हणाले ही आणीबाणी आहे. वय-शिक्षणाप्रमाणे वजन देऊन आकडे दुरुस्त केले, ते ठीकच. पण वावरातली ताईंची आजी त्यात कोणत्या वाटेनं येणार? २०२४ मध्ये त्यांनीच ७७ देशांत, ८७ भाषांत, यादृच्छिक नंबर फिरवून फोन केले. माणसं ७३ हजारांच्या आसपास, आधीच्या मानाने कितीतरी कमी. माझा भरवसा त्या लहान आकड्यावर जास्त.

आता काका. ते एकटे नाहीत, त्यांचा आकडासुद्धा आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटानं सी-व्होटर या सर्व्हे करणाऱ्या संस्थेबरोबर भारतात विचारलं होतं, अहवाल २०२२ चा. जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला अगदी थोडं माहीत आहे किंवा कधी ऐकलंच नाही असं म्हणणारे ५४ टक्के. त्याच पाहणीत मग सगळ्यांना दोन-तीन वाक्यांत ती म्हणजे काय हे वाचून दाखवलं आणि विचारलं, असं होतंय असं वाटतं का? ८४ टक्के हो म्हणाले. म्हणजे ताईंना जे करावंसं वाटलं तेच त्यांनी केलं, फक्त ती वाक्यं प्रश्नावलीत आधीच छापलेली होती, प्रत्येकाला तीच. ज्या प्रश्नावलीत ती नाहीत, तिथं काका ‘माहीत नाही’मध्येच जाणार. दोन्ही आकडे खरे, शब्दाचा आकडा वेगळा आणि पावसाचा वेगळा.

भावाच्या वेळेबद्दल बोंड भाऊ बरोबर बोलले. म्हणून कोणत्याही चांगल्या अहवालात मुलाखती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घेतल्या ते छापलेलं असतं. बातमीत ते कापतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेनं २००२ मध्ये ४४ देशांत ३८ हजारांवर लोकांना विचारून देशोदेशीच्या सर्व्हेचं काम सुरू केलं. तेव्हापासून कित्येक प्रश्न त्यांनी मुद्दाम जशाच्या तसे ठेवलेत, म्हणजे निदान गेल्या वर्षीशी तुलना करता यावी. शब्द जुनाट वाटला तरी बदलत नाहीत त्याचं कारण हेच. आणखी एक भानगड म्हणजे युरोपात फोनवर, अमेरिकेत आता ऑनलाइन, आणि आपल्याकडे समोर बसून. समोर माणूस बसला की उत्तर थोडं गोड होतं. ताई, तुम्हाला खाली बसून पाणी पिताना बघून कोणी ‘देशाची स्थिती फार वाईट’ म्हणायला जरा कचरतोच.

आणि ती शिडी. हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या मानसशास्त्रज्ञाची ती, १९६५ सालापासून ग्रंथात आहे. गॅलपच्या संस्थेचा जागतिक सर्व्हे तीच वापरतो, आणि दर मार्चमध्ये पेपरात येतं ना, आनंदी देशांच्या यादीत भारत अमुक नंबरवर, ते या पायरीवरूनच. २०२५ च्या यादीत आपण १४७ देशांत ११८ वे. आनंदी आहात का असं त्यात कोणी विचारलेलंच नसतं. आजीनं जसं बोट ठेवलं, तशी देशोदेशीची बोटं मोजून ती यादी होते. ‘पेत होता’ मात्र कुठंच जात नाही.

छापून कुठं येतं? बहुतेक संस्थांच्या साइटवर, फुकट, इंग्रजीत. मराठीत येत नाही, ही तक्रार मान्य.


पोडावरची_बाई (झरी जामणी)

वरचं सगळं वाचलं. मराठी कठीण आहे म्हणता, आमच्याकडे मराठीच नाही त्यांचं काय? पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, म्हातारी माणसं घरात कोलामी बोलतात. बाजारापुरतं मराठी आणि तेलुगू येतं. दोन वर्षांआधी असाच सर्व्हे आला होता. आजोबांचं नाव निघालं, प्रश्न वाचला, आजोबा नातवाकडं बघू लागले. नातू सांगायला लागला तर पोरगी म्हणाली, तसं चालत नाही. मग तिनं ‘भाषेची अडचण’ म्हणून कोड टाकला आणि पुढच्या घरी गेली. तिथंही तेच. तिसऱ्या घरी सातवी शिकलेली सून निघाली, तिची मुलाखत झाली.

आता सांगा मास्तर, ही कोणत्या थरातली मूठ?


आकडेमोड

खालच्या. हात पोचलाच नाही असा थर. प्यूनं भारतात २०१९-२० मध्ये धर्माबद्दल जवळजवळ ३० हजार लोकांची मोठी पाहणी केली, ती १७ भाषांत. एवढ्या भाषा घेणं सोपं काम नाही, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. तरी कोलामीसारखी भाषा बोलणारा म्हातारा अशा कुठल्याही कामात राहूनच जातो. संख्या लहान म्हणून राष्ट्रीय टक्केवारी हलत नाही, आणि टक्केवारी हलत नाही म्हणून कोणी भाषांतर करत नाही. त्यात गावांची यादी २०११ च्या जनगणनेची. पुढची जनगणना २०२७ ला ठरली आहे, तोवर नवीन वस्त्या यादीतच नाहीत.


वावरातली

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण चार दिवस फिरतच होते.

चिठ्ठीचा उपाय लागू पडला. एक सासरे तर सुनेला हाका मारायला स्वतः बांधापर्यंत गेले, चिठ्ठी निघाली चिठ्ठी निघाली करत. ती बिचारी घाबरून धावत आली, तिला वाटलं भिशीची निघाली.

शेऱ्याची चौकट सापडली. दोनशे अक्षरांची आहे. काकांचं बोलणं त्यात घातलं: "आर्द्रा उलटते तरी पेरणीचा भरवसा नाही. येते तो खरडून नेते. परतीच्या पावसानं वाती काळ्या." काळ्यावर संपली चौकट.

सुपरवायझरला म्हटलं, माझ्या कोणत्याही तीन मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐका. त्यांनी एक ऐकलं. पोथीवालं. मग म्हणाले चालू दे. बाकीच्या पोरींबद्दल मी काही बोलले नाही. त्यातली एक माझ्याच खोलीत राहते आणि तिचं पेट्रोलही तिचंच आहे.

पोडावरची ताई, माझं सहावं गाव निघालं तेव्हा त्याला लागून पोड होता. टॅबनं उजवा हात तिकडंच दाखवला. तीन घरं ‘भाषेची अडचण’. ते बटण दाबताना तुमचं लिहिलेलं डोक्यात होतं, पण दाबलं. चौथ्या घरी बाविशीची एक मुलगी निघाली, आश्रमशाळेत दहावी झालेली, मांडीवर पोर. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. पुढच्या पिढीचं बरं होईल की वाईट या प्रश्नाला पोराकडं बघून एका क्षणात म्हणाली, बरं होईल. तिथं तिला पर्याय ऐकायचीही गरज पडली नाही. चीन, रशिया, संयुक्त राष्ट्रं, या सगळ्याला ‘नाही सांगता येत’. अजिबात लाजली नाही, मान हलवायची आणि पुढचा प्रश्न ऐकायला तयार.

संपल्यावर तिनं विचारलं, "ताई, तुम्हाले काय वाटते चीनबद्दल?"

आम्हाला आपलं मत सांगायला मनाई आहे. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, आता त संपलं ना. खरंच संपलं होतं, टॅब पिशवीत होता. मी तोंड उघडलं आणि सांगायला काही सुचेना. फोनवरच्या दोन बातम्या आठवल्या, त्यात माझं असं काही नव्हतं. पोर रडायला लागलं म्हणून वाचले.

घाटंजीच्या रस्त्यानं येताना गाडीवर सगळे साठ प्रश्न मनात म्हटले, पाठच झालेत, आणि स्वतःची उत्तरं भरत आले. चौदा ‘माहीत नाही’.

उद्या शेवटची पाच घरं आहेत, त्यातली दोन परत जायची. एक वेगळंच विचारते: टॅबची बॅटरी दुपारी तीनलाच बसते. हजार-दीड हजाराच्या आत पॉवर बँक कोणती घ्यावी?